आहेरांची तपासणी

पुंजा आहेरांना आपलं पहिलं नाव आवडत नसे, आणि कारखान्यात ते कुणी घेतही नसे. सातपूरच्या त्या कारखान्यात ते सगळ्यांचे आहेरसाहेब होते. चौऱ्याऐंशी साली तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालवायला शिकून आलेला माणूस एकच होता. नामपूरच्या मराठी शाळेतला हा मुलगा मुंबईला सहा महिने ट्रेनिंग घेऊन आला, चपला बाहेर काढून काचेच्या थंड खोलीत बसला, आणि वर्षभरात एकट्याने कारखान्याचं सगळं नियोजन त्या मशीनवर चढवलं. कुठला लॉट कुठे जायचा, कुठल्या क्रमाने जायचा, भट्टीचं तापमान किती ठेवायचं, हे छापलेलं कार्ड रोज सकाळी प्रिंटरमधून निघायचं आणि कामगार त्या कार्डाप्रमाणे काम करायचे.

ऑर्डरी वाढत गेल्या तशी कार्डं उशिरा निघू लागली. पहिली पाळी सातला सुरू व्हायची आणि कार्डं हातात पडेपर्यंत दहा-साडेदहा वाजायचे. तोवर माणसं मशीनला टेकून तंबाखू मळत उभी. वर्क्स मॅनेजर बोरस्ते काचेच्या खोलीबाहेर येऊन उभे राहायचे आणि आतल्या मशीनकडे बघायचे, जसं एखाद्या कामचुकार माणसाकडे बघावं.

उशिराचं कारण आहेरांच्या रचनेतच होतं. त्यांनी एक मोठा प्रोग्राम लिहिला होता आणि भोवती बरेच छोटे. मोठा प्रोग्राम प्रत्येक लॉटसाठी छोट्यांना एकेक करून बोलवायचा. बोलावलं की छोटा प्रोग्राम डिस्कवरून उठायचा, आपलं काम करायचा, उत्तर एका फाईलमध्ये लिहून ठेवायचा आणि संपून जायचा. मोठा ती फाईल वाचायचा आणि पुढच्याला हाक मारायचा. प्रत्येक लॉटला हेच. सकाळभर डिस्क जात्यासारखी घरघरत असायची.

हे सगळं बदलायची सूचना चांगुणा पगारेने केली. नाशिकरोडला एका वसाहतीत राहणारी, शिक्षकाची मुलगी, पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेली. तिला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं.

"छोटे प्रोग्राम बाहेरून बोलवायचेच कशाला?" बोरस्त्यांच्या केबिनमध्ये ती म्हणाली होती. "त्यांची फंक्शन्स करू. मोठ्या प्रोग्रामच्या पोटातच राहतील. डिस्कवर जायची गरजच नाही."

"किती वेळ वाचेल?" बोरस्त्यांनी विचारलं.

"पाळी सुरू व्हायच्या आत कार्डं तयार असतील."

बोरस्त्यांनी आहेरांकडे पाहिलं. आहेर म्हणाले, "पुस्तकात असं सोपं असतं."

"करून बघू द्या," बोरस्ते म्हणाले. "तुम्ही तपासा. तुमची सही झाल्याशिवाय ते चालू करायचं नाही."

त्या दिवसापासून खोलीतलं बोलणं बंद झालं. दोन टर्मिनलं एकमेकांना पाठ करून ठेवलेली होती, त्यामुळे फार कुणाच्या लक्षात आलं नाही. चांगुणाने काही विचारलं तर आहेर स्क्रीनकडे बघूनच उत्तर द्यायचे, तेही अर्धं. तिला जुन्या प्रोग्रामांचा मजकूर हवा होता, तो त्यांनी आठवडाभर लांबवून तुकड्या-तुकड्याने दिला. एक फाईल मात्र दिलीच नाही. भट्टीच्या तापमानाचा हिशोब त्या फाईलमध्ये होता आणि ती त्यांनी फक्त तयार स्वरूपात दिली. म्हणजे ती जोडून वापरता यायची, पण उघडून वाचता यायची नाही.

"हिचा मूळ मजकूर हवाय," ती म्हणाली.

"कशाला?"

"आत काय आहे ते न बघता कशी जोडू?"

"चार वर्षं बिनबोभाट चाललेली गोष्ट आहे ती. तिला हात लावायची गरज नाही." मग खुर्ची अर्धवट फिरवून ते म्हणाले, "सगळं तयार हातात मिळायची सवय झालीये. नोकरीसुद्धा."

चांगुणाची कानशिलं तापली. शाळेत, कॉलेजात, घर भाड्याने घेताना हे बोलणं तिने वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं होतं.

"इथली परीक्षा तुम्हीच घेतली होती, साहेब," ती म्हणाली. "पेपरही तुम्हीच काढला होता. मार्कं कमी देता आली नाहीत, त्याला मी काय करू?"

आहेरांनी खुर्ची परत फिरवली.

नोव्हेंबर संपताना तिचं काम झालं. एक आख्खा आठवडा तिने जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी शेजारी चालवून दोन्हीची कार्डं ताडून पाहिली. एका अक्षराचा फरक नव्हता. मग तिने सगळा मजकूर छापून आहेरांच्या टेबलावर ठेवला.

आहेर तो घरी घेऊन गेले. रात्रीचं जेवण आटोपून ते ओट्याजवळच्या टेबलापाशी लाल पेन घेऊन बसले, आणि पहिली दोन पानं वाचल्यावर पेन खाली ठेवून ती त्यांनी परत पहिल्यापासून वाचली. काम चांगलं होतं. नुसतं चांगलं नाही, त्यांनी स्वतः घाईत, कुणाचा आधार नसताना, पुस्तकं चाचपडत जे लिहिलं होतं, ते तिने उलगडून साफ करून मांडलं होतं. जिथे त्यांनी तेच ते दोनदा लिहिलं होतं तिथे तिने एकदाच लिहिलं होतं. जिथे छोटा प्रोग्राम चूक सापडली की सरळ बंद पडायचा, तिथे तिने तो बंद न पडता मोठ्याला कळवेल अशी सोय केली होती, कारण आता एक बंद पडला असता तर सगळेच पडले असते. हे तिला सुचलं होतं. न विचारता सुचलं होतं.

"कुणाचं आहे?" विमलने, त्यांच्या बायकोने, भांडी पुसता पुसता विचारलं.

"आहे एका पोरीचं."

"वाईट आहे का?"

"झोप तू."

त्यांनी लाल पेन चालवायला सुरुवात केली. नावं फार लांब आहेत. इथे दोन ओळींत जागा सोडलेली नाही. ही टीप अपुरी आहे, ती टीप जास्तीची आहे. पानामागून पान लाल होत गेलं. आणि मग ते भट्टीच्या फंक्शनला आले, जिथे तिने त्यांची ती बंद फाईल जोडली होती, आणि पेन थांबलं.

त्या फाईलमध्ये तापमानाची एक जागा होती. सुरुवातीला तिथे पाचशे तीस लिहिलेलं असायचं. लॉट पोलादाचा असला तर प्रोग्राम तिथे पोलादाचं तापमान भरायचा. अॅल्युमिनियमचा असला तर काहीच भरायचा नाही, कारण पाचशे तीस हेच अॅल्युमिनियमचं तापमान होतं. लिहिताना आहेरांनी तेवढे कष्ट वाचवले होते. प्रत्येक लॉटला प्रोग्राम नव्याने उठत होता आणि नव्याने पाचशे तीसपासून सुरुवात करत होता, तोवर यात काही धोका नव्हता. पण आता तो उठणार नव्हता आणि संपणारही नव्हता. मोठ्याच्या पोटात तो सकाळभर जागाच राहणार होता. पोलादाचा लॉट साडेआठशे लिहून जाईल, आणि त्याच्या मागून अॅल्युमिनियमचा आला, तर त्याच्याही कार्डावर साडेआठशेच छापलं जाईल.

अॅल्युमिनियमचं काम क्वचित यायचं. तिने ताडून पाहिलेल्या आठवड्यात ते आलं नव्हतं.

आहेर बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी पान उलटलं. त्या पानावर लाल शाईचा एकही ठिपका पडला नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोरस्त्यांच्या केबिनमध्ये तिघं बसले. आहेरांनी लाल झालेला गठ्ठा मधोमध ठेवला आणि एकेक हरकत वाचायला सुरुवात केली. चांगुणा प्रत्येकीला उत्तर देत होती. पहिल्यांदा शांतपणे, मग आवाज कोरडा होत गेला.

"या फंक्शनचं नाव वाचून अर्थ लागत नाही."

"जुनं नाव तुमचंच होतं. मी बदललं नाही."

"इथे टीप नाही."

"ओळीतच कळतंय, टीप कशाला?"

"मला कळलं नाही."

"मग दुसऱ्यांदा वाचा, साहेब."

"बाई," बोरस्ते म्हणाले, "तोंड सांभाळून."

"यांनी गठ्ठाभर हरकती काढल्यात आणि प्रोग्राम चुकेल अशी एकही नाही. टिपा आणि मोकळ्या जागा! मला चुका हव्यात. चुका असतील तर मी आत्ता दुरुस्त करते."

"चुका काढायला आधी कामाची लायकी लागते," आहेर म्हणाले.

बोरस्त्यांनी टेबलावर हात आपटला. चहाची बशी खुळखुळली. मग चांगुणाने गठ्ठ्यातून भट्टीचं पान काढलं. त्यावर लाल शाई नव्हती, म्हणूनच तिच्या नजरेत भरलं होतं.

"इथे एकही हरकत नाही," ती म्हणाली. "आणि मला सगळ्यात जास्त शंका इथेच आहे. ही फाईल मला वाचायला मिळाली नाही. आहेरसाहेब, सरळ विचारते. जुना प्रोग्राम दर वेळी नव्याने सुरू व्हायचा. तुमच्या या फाईलमध्ये त्याच्यावर विसंबून लिहिलेलं काही आहे का? आधीच्या लॉटचं काही मागे राहील असं?"

आहेरांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं. तिला नेमकं तेच विचारायचं सुचलं होतं. उत्तर एका शब्दाचं होतं.

"तपासणी माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "जे दिसलं ते मी लिहिलंय."

"म्हणजे नाही?"

"सांगितलं ना!"

"साहेब, ती फाईल उघडून बघायला सांगा," ती बोरस्त्यांकडे वळून म्हणाली.

बोरस्ते कंटाळले होते. खाली पहिली पाळी अजून कार्डांची वाट बघत होती. "ज्याने लिहिली तो माणूस समोर बसलाय आणि काही नाही म्हणतोय. आता आणखी काय उकरायचंय? आहेर, सही करा. उद्यापासून नवं चालू."

आहेरांनी सही केली. केबिनमधून उतरताना त्यांना हलकं वाटत होतं. पुढे काय होणार याचं चित्र त्यांच्या डोक्यात स्वच्छ होतं. एक दिवस अॅल्युमिनियमची ऑर्डर येईल. कार्ड चुकीचं निघेल. भट्टीवर गेणू असतो, वीस वर्षं तिथेच असलेला जुना माणूस. तो कार्ड घेऊन शिव्या देत वर येईल, बोरस्ते खाली-वर होतील, आणि पगारेबाईंच्या फंक्शनांचा पंचनामा सगळ्यांसमोर होईल. नुकसान काहीच नाही. नुसता एक कागद.

नवा प्रोग्राम सुरू झाला आणि पाळी सुरू व्हायच्या आत कार्डं खाली जाऊ लागली. बोरस्ते एकदा आत येऊन "शाब्बास" म्हणून गेले. ते चांगुणाला म्हणाले, पण ऐकलं दोघांनी.

ऑर्डर आली ती जानेवारीत. सकाळी प्रिंटर थांबल्यावर आहेरांनी कार्डांची चळत उचलली आणि सवयीने चाळली. मधेच अॅल्युमिनियमच्या झाकणांचा लॉट होता. त्याच्या आधी पोलादाचा. तापमानाच्या रकान्यात साडेआठशे.

चांगुणा मागे पाठ करून बसली होती. आहेरांनी चळत ठोकून सारखी केली आणि शिपायाच्या हातात दिली.

मग ते फोनची वाट बघत बसले. आठ वाजले, नऊ वाजले. फोन वाजला तो स्टोअरमधून, कागद संपल्याचा. दहानंतर ते उगाचच दोनदा उठून पाणी पिऊन आले. गेणू अजून का बोंबलत नाही, हे त्यांना कळेना. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या रांगेत मागचा एक फिटर दुसऱ्याला सांगत होता, की गेणूच्या मुलीचं लग्न पिंपळगावला आहे, आख्खं खातं संध्याकाळी टेम्पोने जाणार आहे.

"गेणू नाही आला?" आहेरांनी वळून विचारलं.

"दोन दिवस सुट्टीवर आहे, साहेब. बदलीवाला लावलाय."

आहेरांनी ताट तिथेच ठेवलं. आधी ते चालत निघाले, मग शेडच्या कोपऱ्यावर आल्यावर पळू लागले.

भट्टीवर मंगळू भोये होता. सुरगाण्याकडचा, तिशीतला माणूस. भाताची कामं संपली की दरवर्षी नाशिकला यायचा आणि मिळेल त्या कारखान्यात बदलीवर लागायचा. भट्टीचं काम त्याला दोन दिवस शेजारी उभं करून शिकवलं होतं आणि एक गोष्ट बजावली होती, कार्डावर असेल तेच करायचं. आधीचा लॉट साडेआठशेवर निघाला, पुढच्या कार्डावर साडेआठशेच होतं, म्हणून त्याने काटा न हलवता जाळीचे ट्रे आत ढकलले होते. आता वेळ भरली होती आणि तो दार उचलायच्या साखळीला हात घालत होता.

"थांब!" आहेर ओरडले. "उघडू नको!"

यंत्रांच्या आवाजात मंगळूला ते ऐकू गेलं नाही. दार वर गेलं. जाळीवर झाकणं नव्हतीच. आतल्या विटांवर वितळलेल्या धातूचं चकचकीत तळं झालं होतं, आणि दार उघडताच ते उंबऱ्यावरून खाली ओघळलं. गरम माल बुडवायची पाण्याची टाकी शेजारीच होती, तिच्या भोवतालची फरशी नेहमी ओली असायची. धातू त्या पाण्यावर पडला आणि बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला.

आहेर तोवर पोचले होते. त्यांनी मंगळूला मागून धरून ओढलं आणि दोघंही पाठीवर पडले. आहेरांच्या शर्टाला जागोजागी भोकं पडली, हाताला चटके बसले. मंगळूचा डावा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत भाजला होता. तो पहिल्यांदा ओरडलाच नाही, नुसता पायाकडे बघत राहिला. मग ओरडला.

त्याला कारखान्याच्या जीपमधून सिव्हिल हॉस्पिटलला नेलं.

दुपारी बोरस्त्यांनी चांगुणाला केबिनमध्ये उभं केलं. आहेर हाताला पट्ट्या बांधून खुर्चीत बसले होते. बोरस्त्यांच्या हातात ते कार्ड होतं.

"हे काय आहे?" ते ओरडले. "हे काय छापलंय तुमच्या प्रोग्रामने?"

चांगुणाने कार्ड वाचलं. तिला वाचायला फार वेळ लागला नाही. साडेआठशे हा आकडा कुठून आला असेल हे तिला लगेच कळलं, कारण ती शंका तिनेच काढली होती.

"ती फाईल उघडा," ती म्हणाली.

"बाई, आधी..."

"ती फाईल उघडा, साहेब. आत्ता. तुमच्या समोर. नाहीतर मी खाली जाऊन युनियनवाल्यांना सांगते की मला फाईल दाखवली नव्हती."

बोरस्ते, चांगुणा आणि आहेर काचेच्या खोलीत गेले. आहेरांना पट्ट्यांमुळे टाईप करता येईना, म्हणून त्यांनी परवलीचा शब्द तोंडाने सांगितला. चांगुणाने फाईल उघडली आणि खाली सरकत गेली. मग स्क्रीनवर बोट ठेवलं.

"इथे पाचशे तीस एकदाच लिहिलंय. अॅल्युमिनियमला परत कुठेच भरलेलं नाही. जुना प्रोग्राम दर लॉटला संपायचा, म्हणून निभावलं." ती बोरस्त्यांकडे वळली. "मी हेच विचारलं होतं. तुम्ही तिथे होतात."

बोरस्त्यांना आठवत होतं. काचेबाहेर दोन कारकून उभे राहून बघत होते, त्यांना त्यांनी हाताने घालवून दिलं.

"हे बघा," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. "कारखान्यांचे इन्स्पेक्टर उद्या येतील. कॉम्प्युटरने चुकीचं कार्ड छापलं असं कागदावर गेलं, तर मुंबईच्या हेड ऑफिसचे लोक हे मशीन उचलून नेतील. तुम्ही दोघंही घरी जाल. बदलीचा माणूस होता, नवखा होता. अॅल्युमिनियम साडेआठशेवर घालू नये एवढी अक्कल त्याला हवी होती. तसं म्हणता येईल."

आहेरांनी मान हलवली. हो असं नाही, नाही असंही नाही.

"मंगळूवर ढकलायचं?" चांगुणाने विचारलं.

"तुमच्याच भल्याचं सांगतोय मी."

"माझ्या भल्याचं मी बघेन."

संध्याकाळी आहेर हॉस्पिटलमध्ये गेले. का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मंगळूचा पाय जाळीच्या तंबूखाली होता. त्याची बायको चिमणाबाई खाली फरशीवर बसली होती, ती आहेरांना बघून उठून उभी राहिली.

"ह्येच ते साहेब," मंगळू तिला म्हणाला. "यांनीच वढलं मला. नायतर पुरा जळला असता मी." त्याने हात जोडायला बघितलं, पण सुईमुळे एकच हात उचलता आला. "साहेब, माझं चुकलं काय? मी कार्ड पायलं व्हतं. साडेआठशेच व्हतं."

"बोलू नकोस फार," आहेर म्हणाले.

"काम ऱ्हाईल ना साहेब माझं?"

चिमणाबाई त्यांच्या पायाशी वाकली. आहेर मागे सरले, पलंगाच्या लोखंडाला त्यांचा भाजलेला हात लागला, आणि ते काही न बोलता बाहेर पडले. त्र्यंबक रोडवर ते बराच वेळ रिक्षा न करता चालत राहिले. घरी विमलने विचारलं, माणूस कसा आहे. ते म्हणाले, वाचेल.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. वयस्कर, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. बोरस्त्यांनी ठरल्याप्रमाणे बदली कामगाराचा नवखेपणा सांगायला सुरुवात केली. त्यांचं बोलणं संपायच्या आत चांगुणा उठली.

"मला दहा मिनिटं द्या आणि कॉम्प्युटरपाशी चला," ती म्हणाली.

तिने जुना प्रोग्राम जपून ठेवला होता. कालच्याच ऑर्डरी घालून तिने आधी जुना चालवला, मग नवा. झाकणांची दोन कार्डं तिने इन्स्पेक्टरांच्या हातात दिली. एकावर पाचशे तीस, दुसऱ्यावर साडेआठशे. मग काय घडतं ते तिने त्यांना समजावून सांगितलं, स्वतःचं नाव न गाळता. नवा प्रोग्राम मी लिहिला, ती म्हणाली. न वाचलेली फाईल जोडायला मी नकार द्यायला हवा होता.

"आणि तपासणी कोणाची होती?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"माझी," आहेर म्हणाले.

"तुमच्या लक्षात हे आलं नाही?"

आहेर उभे होते. पट्ट्यांखाली हात ठणकत होता. बोरस्ते त्यांच्याकडे बघत होते, आणि काचेपलीकडे गर्दी जमली होती.

"तपासणीत ते सुटलं," ते म्हणाले.

"सुटलं नाही," चांगुणा म्हणाली. "सोडलं."

"बाई, हा आरोप आहे," बोरस्ते म्हणाले.

"आरोपच आहे. यांना मोकळ्या जागा दिसल्या, टिपा दिसल्या, स्वतः लिहिलेली ओळ दिसली नाही? आणि काल जेवणाच्या सुट्टीत ताट टाकून हे भट्टीकडे का पळाले? फोन आला नव्हता. कुणी बोलावलं नव्हतं. भट्टीचं दार उघडायच्या आत काय होणार हे कारखान्यात फक्त एका माणसाला माहीत होतं."

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढला आणि परत घातला. "आहेर, काय म्हणणं आहे?"

आहेरांनी तोंड उघडलं. मी त्याला वाचवलं, असं त्यांना म्हणायचं होतं. माझेही हात भाजलेत, असं म्हणायचं होतं. इन्स्पेक्टर थांबले, पुन्हा एकदा विचारलं, आणि उत्तर आलं नाही तेव्हा तसंच लिहून घेतलं.

कार्ड चुकीचं होतं असा निकाल झाला. मंगळूवर काही ठेवता आलं नाही. त्याचा दवाखाना कारखान्याने केला आणि पाय बरा झाल्यावर त्याला स्टोअरच्या फाटकावर बसायचं काम दिलं, कायमचं. तो लंगडत चालायचा. मुंबईचे लोक मशीन न्यायला आले नाहीत. मशीनशिवाय चालणं आता कारखान्याला जमणारं नव्हतं. आहेरांची बदली स्टोअरमध्ये झाली, म्हणजे रोज सकाळी फाटकावर मंगळू त्यांना उठून नमस्कार करायचा. आहेरांनी काय केलं ते त्याच्या कानावर गेलं असणारच, आख्ख्या कारखान्याला माहीत होतं. तरी तो उठायचा. आहेर त्याच्याकडे न बघता आत जायचे. पुढे पुढे ते मागच्या दाराने येऊ लागले.

काचेची खोली चांगुणाकडे आली. तिचं अभिनंदन करायला कुणी आलं नाही. बोरस्ते तिच्याशी कामापुरतं बोलायचे, तेही शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवून. कँटीनमध्ये ती बसली की त्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. ज्या बाईने आपल्याच साहेबाला सगळ्यांसमोर उघडं पाडलं, ती उद्या आपल्यालाही पाडेल, असं लोकांचं म्हणणं. ती डबा उघडायची, जेवायची आणि परत वर जायची. घरी वडिलांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना, तेव्हा ती हो म्हणाली.

उन्हाळ्यात एकदा कंपनीची बस चुकली म्हणून ती सातपूरच्या स्टॉपवर उभी होती. थोड्या वेळाने आहेर आले. दुसरं कुणीच नव्हतं. ते चार हात अंतर ठेवून उभे राहिले. हातावरचे डाग आता गुलाबी पडले होते. बराच वेळ ट्रक तेवढे जात-येत राहिले.

"ती माझी फाईल," आहेर रस्त्याकडे बघत म्हणाले, "दुरुस्त केलीत का?"

"फेकून दिली," चांगुणा म्हणाली. "नवीन लिहिली."

"कुणी तपासली?"

चांगुणा बस येतेय का ते बघायला वळली. कारखान्यात ती फाईल वाचू शकेल असा दुसरा एकच माणूस होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बस आली. चांगुणा चढली आणि पुढे जाऊन बसली. कंडक्टरने दारातून वाकून आहेरांना विचारलं, "येताय का, साहेब?"

आहेरांनी हातानेच नको म्हटलं आणि ते पुढच्या बसची वाट बघत उभे राहिले.